क्ष-किरण चित्र ते एच.आर.सी.टी. स्कोअर : वैद्यकीय प्रतिमा, रोगतीव्रतेचे भाकीत आणि जालना जिल्हा – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

वैद्यकशास्त्राच्या इतिहासात शरीर न उघडता शरीराच्या आत पाहण्याची क्षमता हा एक निर्णायक टप्पा मानला जातो. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतील वुर्झबर्ग येथे विल्हेल्म रॉंटजेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला. १९०१ मध्ये भौतिकशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. मोडलेले हाड किंवा शरीरात रुतलेली गोळी दाखविणे हे या किरणांचे आरंभीचे कार्य होते. परंतु फुफ्फुसाच्या रोगांच्या बाबतीत क्ष-किरण चित्राकडून लवकरच याहून मोठी अपेक्षा केली जाऊ लागली. रोग आहे किंवा नाही एवढेच चित्राने सांगून भागेना. तो किती वाढला आहे, रुग्ण बरा होईल काय आणि दिलेला औषधोपचार लागू पडत आहे काय, या प्रश्नांची उत्तरेही चित्रातून मिळावीत असे वैद्यकास वाटू लागले.

प्रस्तुत लेखात या अपेक्षेचा इतिहास जालना जिल्ह्याच्या संदर्भात मांडण्याचा प्रयत्न केला आहे. २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे १९.५९ लाख लोकसंख्या असलेला हा मराठवाड्यातील जिल्हा बियाणे व पोलाद उद्योगासाठी ओळखला जातो. मात्र त्याचा मोठा भाग कोरडवाहू शेती आणि हंगामी स्थलांतर यांवर जगतो. अशा जिल्ह्यात छातीचे एक चित्र काढणे आणि त्याच रुग्णाचे काही महिन्यांनी दुसरे चित्र काढणे यांत मोठे अंतर असते. हे अंतर हाच या लेखाचा मध्यवर्ती विषय आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. क्षयरोगाच्या संदर्भात क्ष-किरण चित्राचे स्थान काळानुसार कसे बदलले याचा आढावा घेणे.
२. कोविड-१९ च्या काळात एच.आर.सी.टी. स्कोअरला प्राप्त झालेल्या महत्त्वाची चिकित्सा करणे.
३. जालना जिल्ह्याच्या सामाजिक स्थितीत प्रतिमाधारित भाकिताच्या मर्यादा व शक्यता स्पष्ट करणे.

जालना : प्रशासकीय व वैद्यकीय पार्श्वभूमी

सप्टेंबर १९४८ पर्यंत जालना हा निजामाच्या हैदराबाद संस्थानाचा भाग होता. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. १ मे १९८१ रोजी औरंगाबाद जिल्ह्यातील जालना, भोकरदन, जाफ्राबाद व अंबड आणि परभणी जिल्ह्यातील परतूर हे तालुके मिळून स्वतंत्र जालना जिल्हा अस्तित्वात आला. आज जिल्ह्यात बदनापूर, मंठा व घनसावंगी यांसह आठ तालुके आहेत.

प्रशासकीय जिल्हा निर्माण झाला तरी तज्ज्ञ वैद्यकीय सेवेचे केंद्र दीर्घकाळ जिल्ह्याबाहेरच राहिले. औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ मध्ये सुरू झाले. ‘घाटी’ या नावाने सर्वपरिचित असलेले तेथील रुग्णालय हेच मराठवाड्यातील गोरगरीब रुग्णांचे अखेरचे आशास्थान ठरले. जालना जिल्ह्यास स्वतःचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळण्यास २०२४ हे वर्ष उजाडावे लागले. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये राज्यातील दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले, त्यांत जालन्याचा समावेश होता. तात्पर्य, जिल्ह्याच्या निर्मितीनंतर चार दशकांहून अधिक काळ रुग्ण एका ठिकाणी आणि तज्ज्ञ दुसऱ्या ठिकाणी अशी स्थिती होती. अशा स्थितीत चित्र हे रुग्णाच्या वतीने प्रवास करणारे साधन बनते. खाकी पाकिटातील फिल्म काखोटीस मारून एस.टी.ने घाटीकडे निघालेला नातेवाईक हे मराठवाड्यातील परिचित दृश्य याच स्थितीतून निर्माण झाले.

क्ष-किरण चित्र : उपचाराच्या परिणामाचा साक्षीदार

रॉबर्ट कॉक यांनी २४ मार्च १८८२ रोजी क्षयाच्या जंतूचा शोध जाहीर केला, परंतु त्यानंतर सहा दशके या जंतूवर परिणामकारक औषध नव्हते. स्वच्छ हवा, विश्रांती व सकस आहार यांवर भर देणारी आरोग्यधामे हाच उपाय होता. पाचगणी येथे डॉ. रुस्तम बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये स्थापन केलेले बेल-एअर आरोग्यधाम हे त्याचे महाराष्ट्रातील प्रसिद्ध उदाहरण होय.

१९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला आणि परिस्थिती पालटली. १९४८ मध्ये ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने या औषधाच्या चाचणीचा अहवाल प्रसिद्ध केला. चिठ्ठ्यांच्या पद्धतीने रुग्णांची विभागणी करणारी आधुनिक वैद्यकातील ही आद्य चाचणी मानली जाते. तीत १०७ रुग्ण होते. ५५ जणांना औषध व विश्रांती, तर ५२ जणांना केवळ विश्रांती देण्यात आली. परिणाम मोजण्याचे मुख्य साधन छातीचे क्ष-किरण चित्र हे होते. कोणत्या रुग्णास औषध मिळाले आहे हे ठाऊक नसलेल्या तीन परीक्षकांनी ही चित्रे स्वतंत्रपणे वाचली. सहा महिन्यांच्या अखेरीस औषध मिळालेल्यांपैकी ५१ टक्के रुग्णांच्या चित्रांत लक्षणीय सुधारणा आढळली. दुसऱ्या गटात हे प्रमाण ८ टक्के होते. पहिल्या गटात ४, तर दुसऱ्या गटात १४ रुग्ण दगावले.

या चाचणीचे दोन धडे इतिहासदृष्ट्या महत्त्वाचे आहेत. पहिला असा की, उपचाराचा प्रतिसाद एका चित्रावरून कळत नाही. आरंभीचे चित्र आणि नंतरचे चित्र यांची तुलना व्हावी लागते. दुसरा धडा अधिक कठोर आहे. पुढील वर्षांत जंतूंमध्ये औषधास प्रतिकार निर्माण झाला आणि दोन्ही गटांतील मृत्यूंचा फरक बराच कमी झाला. सहा महिन्यांचे आशादायक चित्र पाच वर्षांनंतरचे भवितव्य सांगू शकले नाही. चित्राने फुफ्फुसातील बदल दाखविला होता, जंतूंमधील बदल त्याला दिसत नव्हता.

चित्र वाचणाऱ्याची दृष्टी

याच सुमारास चित्रवाचनाच्या विश्वासार्हतेविषयी अमेरिकेत महत्त्वाचे संशोधन झाले. १९४७ मध्ये बर्केलो, येरुशाल्मी व सहकाऱ्यांनी छातीच्या चित्रांच्या वाचनाची तुलना प्रसिद्ध केली. या व त्यानंतरच्या अभ्यासांतून असे दिसले की, दोन अनुभवी तज्ज्ञांमध्ये सुमारे एक तृतीयांश वेळा मतभेद होतात. त्याहून धक्कादायक बाब म्हणजे, तोच तज्ज्ञ तेच चित्र पुन्हा वाचताना सुमारे एक पंचमांश वेळा स्वतःच्याच आधीच्या मताशी असहमत होतो. ‘चित्र खोटे बोलत नाही’ हा समज त्यामुळे डळमळीत झाला. चित्र खोटे बोलत नसले तरी ते स्वतःहून काही बोलतही नाही, त्यास बोलके करणारा वाचक लागतो.

राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम : चित्राकडून थुंकीकडे

स्वातंत्र्योत्तर भारतात १९५५ ते १९५८ या काळात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या वतीने क्षयरोगाची राष्ट्रीय नमुना पाहणी झाली. तीत लघुआकार क्ष-किरण चित्रणाचा वापर करण्यात आला. ब्राझीलच्या मनोएल द आब्रेऊ यांनी १९३६ मध्ये विकसित केलेल्या या तंत्रामुळे हजारो लोकांची छाती अल्प खर्चात तपासता येत होती. रोग शहरांपुरता मर्यादित नसून खेड्यांतही तितकाच पसरलेला आहे, हे या पाहणीने दाखवून दिले.

साहजिकच क्ष-किरणांच्या फिरत्या गाड्या गावोगावी न्याव्यात असा विचार पुढे आला. परंतु दोन भारतीय अभ्यासांनी धोरणाची दिशा बदलली. १९५६ मध्ये मद्रास येथे सुरू झालेल्या क्षयरोग रसायनोपचार केंद्राने १९५९ मध्ये असे दाखवून दिले की, गरीब वस्तीतील रुग्णाने घरी राहून घेतलेला उपचार आरोग्यधामातील उपचाराच्या जवळपास बरोबरीचा ठरतो. त्याच वर्षी बंगळूर येथे राष्ट्रीय क्षयरोग संस्था स्थापन झाली. तेथील डी. बॅनर्जी व स्टिग अँडरसन यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या समाजशास्त्रीय अभ्यासात क्षयाच्या रुग्णांपैकी सुमारे निम्मे आधीच कोणत्या ना कोणत्या दवाखान्यात जाऊन आलेले आढळले. त्यांना खोकल्याचे औषध देऊन परत पाठविण्यात येत होते. रुग्ण दारी येत असताना गाडी घेऊन त्याला शोधत फिरण्याऐवजी दारी आलेल्याची थुंकी तपासावी, हा त्यातून निघालेला निष्कर्ष होता.

१९६२ मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम जिल्हा क्षयरोग केंद्र या घटकाभोवती उभारण्यात आला. क्ष-किरण यंत्र या केंद्रात राहिले, तर प्राथमिक स्तरावर सूक्ष्मदर्शक आणि थुंकीचा नमुना हीच प्रमुख साधने ठरली. पुढे २६ मार्च १९९७ रोजी सुधारित राष्ट्रीय क्षयरोग नियंत्रण कार्यक्रम अधिकृतपणे सुरू झाला आणि मार्च २००६ पर्यंत संपूर्ण देश त्याखाली आला. या कार्यक्रमात उपचाराचा प्रतिसाद ठरविण्याची कसोटी थुंकी हीच होती. ठरावीक महिन्यांनी थुंकीत जंतू सापडतात किंवा नाही, यावर उपचाराचे यश मोजले जाई.

हा बदल केवळ काटकसरीचा नव्हता. चित्र रोगाचा व्रण दाखवते आणि थुंकी जिवंत जंतू दाखवते. बरा झालेल्या रुग्णाच्या फुफ्फुसातही जुना व्रण राहतो, त्यामुळे निव्वळ चित्रावर विसंबल्यास निरोगी माणसास पुन्हा औषधे सुरू होण्याचा धोका असतो. याउलट, थुंकीत जंतू न सापडणारे पण आजारी असलेले रुग्ण या पद्धतीत मागे पडत होते.

पोकळी, कालावधी आणि ऊसतोडीचा हंगाम

एकविसाव्या शतकाच्या आरंभी चित्र आणि थुंकी यांना परस्परांचे प्रतिस्पर्धी न मानता एकत्र वाचण्याचा विचार दृढ झाला. २००२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीत, आरंभीच्या चित्रात फुफ्फुसात पोकळी असलेल्या आणि दोन महिन्यांनंतरही थुंकीच्या संवर्धनात जंतू सापडलेल्या रुग्णांपैकी सुमारे २१ टक्के जणांना रोग पुन्हा झाला. यांपैकी एकही लक्षण नसलेल्यांत हे प्रमाण सुमारे २ टक्के होते. या आधारे २००३ च्या अमेरिकी मार्गदर्शक तत्त्वांत अशा रुग्णांचा उपचार नऊ महिन्यांपर्यंत वाढविण्याची शिफारस आली. २०१० मध्ये इंडोनेशियातील पापुआ प्रांतात काम करणाऱ्या संशोधकांनी एक सोपी गुणपद्धती मांडली. फुफ्फुसाचा जितका टक्के भाग बाधित तितके गुण आणि पोकळी असल्यास आणखी ४० गुण, असे तिचे स्वरूप होते. साध्या क्ष-किरण चित्रावरून आणि महागड्या यंत्राशिवाय रोगाची तीव्रता अंकात मांडता येते, हे तिने सिद्ध केले.

जालना जिल्ह्याच्या संदर्भात या संशोधनाचा अर्थ काय? अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा, भोकरदन या भागांतील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रातील कारखान्यांकडे आणि कर्नाटकात जातात. गळीत हंगाम साधारण पाच-सहा महिन्यांचा असतो. क्षयरोगाचा प्रमाणित उपचारही किमान सहा महिन्यांचा आहे. ऑक्टोबरमध्ये निदान झालेल्या रुग्णाची दोन महिन्यांनंतरची तपासणी डिसेंबरात येते. त्या वेळी तो गावातील घरी नसून फडातील कोपीवर असतो. पहिले चित्र एका जिल्ह्यात, दुसरी थुंकी दुसऱ्या जिल्ह्यात आणि उपचार वाढविण्याचा निर्णय कोणाच्याच हाती नाही, अशी अवस्था ओढवू शकते. उचल फेडल्याखेरीज फड सोडता येत नाही. म्हणून ‘रुग्ण औषधे सोडतो’ या विधानामागील आर्थिक कारण लक्षात घेणे आवश्यक ठरते. २०१२ मध्ये सुरू झालेल्या ‘निक्षय’ या संगणकीय नोंदप्रणालीमुळे रुग्णाची नोंद एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात नेणे शक्य झाले. मात्र नोंद पोहोचली तरी एक दिवसाची मजुरी बुडवून रुग्णाने तपासणीस जावे, अशी व्यवस्था केवळ संगणकाने निर्माण होत नाही.

कोविड-१९ आणि एच.आर.सी.टी. स्कोअर

गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या सीटी स्कॅन यंत्राने १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्रण केले. १९७९ मध्ये त्यांना अ‍ॅलन कॉरमॅक यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. अर्धशतकानंतर याच तंत्राचा एक अंक महाराष्ट्रातील घराघरात पोहोचला. २०२०-२१ च्या महामारीत ‘स्कोअर किती आला?’ हा प्रश्न विचारपूस करण्याचा रूढ प्रकार झाला.

या अंकाचा उगम पाहणे उद्बोधक आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये वुहान येथील पान व सहकाऱ्यांनी २१ रुग्णांच्या वारंवार घेतलेल्या सीटी चित्रांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी फुफ्फुसाच्या पाच खंडांना बाधित भागानुसार प्रत्येकी ० ते ५ असे एकूण २५ पैकी गुण दिले. हे सर्व रुग्ण बरे होत असलेले होते, त्यांच्यापैकी कोणालाही तीव्र श्वसनत्रास नव्हता. फुफ्फुसातील बदल लक्षणे सुरू झाल्यानंतर साधारण दहाव्या दिवशी सर्वाधिक होतात, हा त्यांचा मुख्य निष्कर्ष होता. म्हणजेच, काळानुसार होणारा बदल टिपण्यासाठी निर्माण झालेली मोजपट्टी पुढे एकाच चित्रावरून भविष्य सांगण्यासाठी वापरली गेली. तिसऱ्या दिवशी आलेला ४ हा अंक निर्धास्त करणारा आणि दहाव्या दिवशी आलेला १४ हा अंक घाबरवणारा वाटे. प्रत्यक्षात दोन्ही अंक एकाच रुग्णाच्या एकाच आजाराचे असू शकत होते.

स्कोअर निरर्थक होता असा याचा अर्थ नव्हे. रोममधील फ्रँकोन व सहकाऱ्यांनी २०२० मध्ये १३० रुग्णांच्या अभ्यासात १८ किंवा त्याहून अधिक स्कोअर असलेल्यांत मृत्यूचा धोका वाढलेला असल्याचे दाखवून दिले. समूहाच्या पातळीवर अंक बोलका होता. एका रुग्णासाठी मात्र तो दिवस, वय, इतर आजार आणि प्राणवायूची पातळी यांच्यासह वाचणे आवश्यक होते. एप्रिल २०२१ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत रोगाची तीव्रता स्कोअरवर नव्हे, तर श्वसनाचा वेग आणि रक्तातील प्राणवायूचे प्रमाण यांवर ठरविण्यात आली होती. ९० ते ९३ टक्के प्राणवायू म्हणजे मध्यम आणि ९० टक्क्यांहून कमी म्हणजे तीव्र आजार, अशी ती विभागणी होती. बोटास लावायच्या छोट्या यंत्राने ही मोजणी घरी होऊ शकत होती.

शासनाच्या दृष्टीने हा प्रश्न दराचाही होता. सप्टेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने एच.आर.सी.टी. तपासणीचे कमाल दर निश्चित केले. यंत्राच्या क्षमतेनुसार २,०००, २,५०० व ३,००० रुपये असे ते दर होते. त्या वेळचे आरोग्यमंत्री राजेश टोपे हे जालना जिल्ह्यातील घनसावंगी मतदारसंघाचे प्रतिनिधी होते. ३१ मार्च २०२१ रोजी खाजगी प्रयोगशाळेतील आर.टी.-पी.सी.आर. चाचणीचा दर ५०० रुपयांवर आणण्यात आला. दर नियंत्रित होऊनही सीटी ही चाचणीपेक्षा किमान चौपट महाग होती, तरीही लोक तिच्याकडे वळले. चाचणी केवळ ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढेच सांगत होती. अनिश्चिततेच्या काळात लोकांना ‘किती’ या प्रश्नाचे उत्तर हवे होते आणि अंकाने ते दिल्याचा भास निर्माण केला.

३ मे २०२१ रोजी अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे तत्कालीन संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी सौम्य रुग्णांनी सीटी करू नये असे आवाहन केले. एक सीटी म्हणजे छातीची ३०० ते ४०० क्ष-किरण चित्रे असे त्यांनी सांगितले. भारतीय क्ष-किरणतज्ज्ञांच्या संघटनेने ही तुलना कालबाह्य असल्याचे सांगत तिला जाहीर आक्षेप घेतला. किरणांच्या मात्रेवरील या वादात मूळ प्रश्न मात्र बाजूस राहिला. चित्र पाहून उपचारात काय बदलणार आहे, हा तो प्रश्न होता.

संगणकाची दृष्टी आणि चित्राचे पुनरागमन

२०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय क्षयरोग प्रादुर्भाव पाहणीने क्ष-किरण चित्रास पुन्हा अग्रस्थानी आणले. छातीचे चित्र काढले नसते तर आढळलेल्या रुग्णांपैकी ४२.६ टक्के रुग्ण निसटले असते, असे तिने दाखविले. लक्षणे असलेल्यांपैकी सुमारे ६४ टक्के लोक उपचारासाठी कोठेही गेलेले नव्हते. १९६३ च्या अभ्यासाने ‘रुग्ण दारी येतो’ असे म्हटले होते. सहा दशकांनंतर चित्र पालटलेले होते आणि त्यानुसार साधनांचा क्रमही पालटणे भाग होते.

मार्च २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने १५ वर्षे व त्यावरील व्यक्तींच्या तपासणीसाठी संगणकाद्वारे चित्रवाचनास मान्यता दिली. त्यासाठी तपासलेल्या तीन प्रणालींपैकी एक, ‘क्यूएक्सआर’, ही २०१६ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या क्युअर डॉट एआय या कंपनीची होती. अशी प्रणाली चित्रास एक अंक देते. कोणत्या अंकाच्या पुढे थुंकी तपासायची, हा उंबरठा मात्र कार्यक्रम राबविणाऱ्यांनी स्थानिक परिस्थितीनुसार ठरवायचा असतो. उंबरठा खाली आणला तर प्रयोगशाळेवरील भार वाढतो, वर नेला तर रुग्ण निसटतात. म्हणजे १९४७ मध्ये दोन तज्ज्ञांमध्ये असलेला मतभेद नाहीसा झालेला नाही. तो आता उंबरठ्याच्या निर्णयात येऊन बसला आहे.

निष्कर्ष

१. रोगाची तीव्रता एका चित्रावरून अजमावता येते, परंतु उपचाराचा प्रतिसाद कळण्यासाठी दुसरे निरीक्षण अनिवार्य असते. १९४८ ची चाचणी, २००२ चा अभ्यास आणि वुहानचा स्कोअर हे तिन्ही मुळात वारंवार निरीक्षणावर आधारलेले होते.
२. मोजपट्टी ज्या हेतूने निर्माण झाली त्याहून वेगळ्या हेतूने वापरली गेल्यास अंकाचा अर्थ बदलतो. एच.आर.सी.टी. स्कोअर हे त्याचे ठळक उदाहरण आहे.
३. चित्र व थुंकी, यंत्र व तज्ज्ञ यांपैकी कोणास अग्रक्रम द्यावा हे रुग्ण कोठे आहे आणि तो येऊ शकतो काय, यावर ठरत आले आहे.
४. जालन्यासारख्या जिल्ह्यात पहिले चित्र मिळवून देणारी यंत्रे येत आहेत. दुसरे निरीक्षण घडवून आणण्यासाठी स्थलांतराच्या वेळापत्रकाशी जुळणारी आरोग्यव्यवस्था आवश्यक आहे.

समारोप

वैद्यकीय प्रतिमेचा इतिहास सहसा यंत्रांच्या प्रगतीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. जालना जिल्ह्याच्या बाजूने पाहिल्यास तो अंतराचाही इतिहास ठरतो. रुग्ण आणि तज्ज्ञ यांतील अंतर फिल्मने आणि पुढे संगणकाने कमी केले. आजचे आणि दोन महिन्यांनंतरचे निरीक्षण यांतील अंतर मात्र कोणत्याही यंत्राने आपोआप कमी होत नाही. गळीत हंगामात फडावर जाणारी आरोग्यसेवा, बुडालेल्या मजुरीची भरपाई आणि दोन जिल्ह्यांतील क्षयरोग केंद्रांचा परस्पर संपर्क या बाबी क्ष-किरण यंत्राइतक्याच महत्त्वाच्या आहेत. जिल्ह्यात नव्याने सुरू झालेल्या वैद्यकीय महाविद्यालयास आणि परिसरातील समाजशास्त्र, अर्थशास्त्र व इतिहास या विषयांच्या अभ्यासकांना यात एकत्र काम करण्यास मोठा वाव आहे. भाकीत चित्रात दडलेले असले तरी ते खरे ठरले किंवा नाही हे कळण्यासाठी रुग्ण पुन्हा समोर यावा लागतो.